आडवं केलेलं कपाट

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. एक पाय लाकडी, एक पाय लोखंडी. कोपऱ्याला टेकवा, खरं-खोटं सांगून मोकळं. या सुतारालाही सगळे गुण्याच म्हणत, कारण केसभर वाकडं त्याला खपत नसे. गिऱ्हाइकाच्या घरात शिरला की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचा आणि मग बोलायला सुरुवात करायचा. त्याची बायको म्हणायची, "यांच्याशी गुण्यागोविंदाने नांदायचं म्हणजे झोपायचंसुद्धा काटकोनात."

तीस वर्षं त्याने पलंग केले, टेबलं केली, दारं-खिडक्या केल्या. मग काळच जरा तिरका आला. फर्निचर खोक्यातून यायला लागलं. भुशाच्या फळ्या, पुडीत स्क्रू आणि सोबत एक वाकडी चावी. घरमालक सुट्टीच्या दिवशी ते स्वतःच जोडायचा आणि दोन वर्षांनी स्वतःच जिन्याखाली नेऊन टाकायचा. सुताराला विचारतो कोण?

पण देव एक दार लावतो तेव्हा दुसऱ्याची बिजागरी सैल करतो म्हणतात. लोकांना अचानक जुन्या लाकडाचं प्रेम आलं. घरातल्या जुन्या वस्तूंना नव्या यंत्रांची सोबत करून द्यायची, अशी लाट आली. गुण्याने एका बाईंच्या शिलाई मशीनच्या टेबलाला लॅपटॉप बसवून दिला. खालचं पायडल काढू दिलं नाही त्यांनी, ऑफिसची मीटिंग चालू असली की त्या पाय हलवत बसायच्या. एका घरात पाळण्यात प्रिंटर ठेवून दिला. त्या घरात मूल नव्हतं, पण दिवसातून वीसदा कागद जन्माला यायचा. एका वकिलांच्या मेजाला वायरींसाठी इतकी भोकं पाडली, की शेवटी त्याने विचारलं, "साहेब, आता टेबल म्हणायचं का चाळण?" वकील म्हणाले, "अजून दोन पाड."

पोटासाठी माणूस सरळ लाकडातही वाकडं भोक पाडतो. गुण्या मूग गिळून पाडत होता.

असाच एके दिवशी सकाळी पाचव्या मजल्यावरच्या एका घरून निरोप आला. पत्ता शोधून तो दारात उभा राहिला तर दार उघडणाऱ्या बाईंच्या एका हातात मोबाइल होता आणि त्याचा डोळा गुण्याच्या तोंडावर रोखलेला.

"आत या मिस्त्री. जरा हळू या, व्हिडिओ चालू आहे."

ही त्या घरची सूनबाई. घराचे फोटो आणि व्हिडिओ काढून ते जगाला दाखवणं हा तिचा उद्योग. अकरा हजार माणसं तिचं घर रोज बघत होती, असं तिने गुण्याच्या चपला काढून होईपर्यंत सांगून टाकलं. पॅसेजमध्ये एक पुठ्ठ्याचं खोकं भिंतीला टेकवून उभं होतं, घराच्या दाराहून मोठं. त्याच्या मागून वाट काढत तिचे यजमान आले. ते एका मोठ्या कंपनीत नियोजन विभागाचे प्रमुख होते; म्हणजे कोणी काय, कधी आणि किती वेळात करायचं हे ठरवून द्यायचे. करायचे अर्थात दुसरे.

"टीव्ही आला आहे," साहेब म्हणाले. "पंच्याहत्तर इंची. तो आईच्या कपाटात बसवायचा. दारं मिटली की जुनं कपाट, उघडली की थिएटर. कल्पना हिची, नियोजन माझं."

कपाट आतल्या खोलीत होतं, आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून साहेबांची आई बसली होती. दवाखान्यात खाटेजवळ नातेवाईक बसतात, तशी.

कपाट पाहून गुण्या पाऊल टाकायचा थांबला. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, अस्सल जुनं सागवान. वर कोरीव कळस, खाली वाघाच्या पंजासारखे पाय, दोन दारं. एक खिळा नाही. सगळे सांधे खाचेत खाच बसवून केलेले. त्याने पिशवीतून गुण्या काढून कोपऱ्याला लावला. पन्नास वर्षं झाली असतील, पण मधून उजेडाची रेघसुद्धा जात नव्हती. कोण कुठला सुतार असेल तो, गुण्याने त्याला मनातल्या मनात हात जोडले.

"माझ्या लग्नात आलं हे," म्हातारी म्हणाली. "माझ्याआधी घरात शिरलं. मला दार उघडायला जरा वेळ लावला होता लोकांनी."

गुण्याने टेप काढली, खोक्यावरचे आकडे वाचले, कपाटाची रुंदी मोजली. मग पुन्हा मोजली. मग टेप गुंडाळून खिशात ठेवली.

"साहेब, टीव्ही साडेपाच फूट रुंद आहे. कपाट चार फूट."

"अहो, तसं नाही मोजायचं," साहेब समजूतदारपणे हसले. "टीव्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. मग कपाटही तसंच मोजायला हवं ना? मी मोजलं. एक्क्याण्णव इंच भरतं. म्हणजे सोळा इंच उरतातच."

गुण्याने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने छताकडे पाहिलं. सूनबाईने मोबाइल खाली घेतला.

"म्हणजे बसणार नाही?" तिने विचारलं.

"बसेल की, ताई. टीव्ही उभा ठेवला तर बसेल. मग बातम्या बघताना सगळ्यांनी कुशीवर झोपायचं."

टीव्ही परत करता येईल का, असं गुण्याने विचारून पाहिलं. सूनबाई म्हणाली, शक्यच नाही, खोकं आल्याचा व्हिडिओ आधीच टाकलाय आणि अकरा हजार माणसं वाट बघत आहेत. साहेब येरझाऱ्या घालायला लागले. नियोजनाच्या माणसाला चूक मान्य करता येत नाही. तो योजना वाढवतो. चौथ्या येरझारीला ते थांबले, त्यांनी मान डाव्या खांद्यावर कलती केली आणि कपाटाकडे पाहिलं.

"आपण टीव्ही उभा कशाला करायचा? कपाटच आडवं करू."

गुण्याला वाटलं, गंमत करतायत. पण सूनबाईचे डोळे चमकले. "अरे! किती वेगळं दिसेल! असं कोणाकडेच नाही."

"ताई, नसणारच," गुण्या म्हणाला. "आडवं केलं की दारं वर-खाली उघडणार. खालचं जमिनीवर पडणार, वरचं डोक्यात. एका बाजूला पाय दिसणार, दुसऱ्या बाजूला कळस."

"तेच तर कॅरेक्टर आहे, मिस्त्री."

उंटावरचे शहाणे आजवर त्याने गोष्टीतच ऐकले होते. इथे लिफ्टने पाचव्या मजल्यावर यावं लागलं, एवढाच फरक.

आईला कोणी विचारलं नव्हतं. आता विचारायलाच हवं म्हणून साहेबांनी विचारलं, "आई, चालेल ना तुला?"

"माणसं आडवी पडली की परत उठत नाहीत असं बघितलंय मी," म्हातारी म्हणाली. "कपाटाचं काय होतं ते बघू."

साहेबांनी यालाच होकार मानलं.

दुसऱ्या दिवशी दोन हमाल आले आणि कपाट रिकामं करायला सुरुवात झाली. लोकरीचे कपडे, चादरी, गेलेल्या नवऱ्याचा कोट, चष्म्याची सात घरं, साहेबांची बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं. हे सगळं ठेवायचं कुठे? टीव्ही बाहेर काढल्यावर त्याचं खोकं मोकळं झालंच होतं. सूनबाईने ते म्हातारीच्या खोलीत आडवं टाकून दिलं.

"खूप मजबूत असतं हे, आई. आणि त्याच्यावर 'नाजूक सामान' असं छापलेलंच आहे."

गुण्या बाजूला उभा राहून बघत होता. तीन वर्षांची वॉरंटी असलेल्या यंत्राला सागवान, आणि पन्नास वर्षांच्या संसाराला पुठ्ठा. तो हमालांना म्हणाला, "कळसाला हात लावू नका, कंबरेत धरा."

कपाट दिवाणखान्यात नेऊन आडवं केलं. एखादा पहिलवान पहिल्यांदाच चीत झाल्यावर दिसावा, तसं ते दिसत होतं. गुण्याने मधल्या फळ्या काढल्या आणि टेप लावली. साडेपाच फुटांना दोन इंच कमी. कपाटाच्या तळाशी, म्हणजे आता डाव्या टोकाला, एक रुंद खण होता आणि त्याच्या पाठीमागे बोटाएवढं कुलूप असलेला एक छोटा कप्पा. चोरखण. तेवढं दोन्ही काढलं तर टीव्ही बसत होता.

"काढा मग," साहेब म्हणाले.

"नाही," म्हातारी म्हणाली.

एव्हाना ती आपल्या खुर्चीसकट दिवाणखान्यात येऊन बसली होती. तिने गळ्यातली काळी दोरी बोटांनी चाचपली. दोरीत एक लहानशी किल्ली होती.

"आई, फक्त दोन इंचांचा प्रश्न आहे."

"त्यात माझं आहे ते आहे."

'माझं आहे ते आहे' हे चार शब्द ऐकून खोलीतली हवाच बदलली. साहेबांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने किल्लीकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला. "आई, खुर्ची कडक लागत असेल ना? उशी देऊ का पाठीला?"

गेली कित्येक वर्षं त्या घरात त्या कप्प्याबद्दल कुजबुज होती, हे गुण्याला पुढच्या अर्ध्या तासात कळलं. साहेबांनी त्याला गॅलरीत नेऊन सांगितलं, की आईच्या माहेरचं सोनं त्यात आहे, घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती कधी कोणापुढे उघडत नाही. सूनबाईने त्याला स्वयंपाकघराच्या दारात अडवून सांगितलं, की सोनं आहेच, शिवाय कागदपत्रं असावीत. दोघांचं म्हणणं एकच होतं: मिस्त्री, तुम्ही बाहेरचे आहात, तुम्हीच समजावा.

नवरा-बायको कामाला गेले आणि घरात म्हातारी आणि गुण्या दोघंच उरले. तो आडव्या कपाटासमोर मांडी घालून पटाशीला धार लावत बसला. धार आधीच होती, पण बोलायला काही सुचत नव्हतं.

"लावताय किती वेळ?" म्हातारी म्हणाली. "तासायचं मला आहे का कपाटाला?"

"आई, तुम्ही नाही म्हणालात तर मी हात लावणार नाही. सांगेन त्यांना, लाकूड तडकेल म्हणून."

"खोटं सांगाल?"

"येत नाही मला तसं. पण प्रयत्न करेन."

म्हातारी हसली. मग तिने गळ्यातली दोरी काढून त्याच्या हातात दिली. "उघडा."

"मी?"

"मला वाकता येत नाही. उभं होतं तेव्हा हाताशी होतं."

कुलूप गंजलेलं नव्हतं. तेल दिलेलं होतं. किल्ली एका वळशात फिरली. गुण्याने कप्प्याचं झाकण ओढलं, आत बोटं घातली, मग मोबाइलचा उजेड पाडला. आत काही नव्हतं. धूळसुद्धा नव्हती. कोणीतरी तो कप्पा नेमाने पुसत होतं.

"आई, हे तर..."

"हळू बोला. भिंतीला कान नसतात, पण त्या टीव्हीला असतात म्हणे." तिने पाठीमागची उशी नीट केली. "होतं. पाटल्या होत्या, हार होता, माझ्या आईचं सगळं होतं. ह्याच्या बापाचं दुकान बुडालं आणि ह्याला मोठ्या कॉलेजात जायचं होतं. एकेक करून विकलं. बापाला सांगितलं नाही, तो आधीच खचलेला होता. मुलाला सांगितलं नाही, त्याचं अभ्यासात लक्ष लागलं नसतं."

"म्हणजे ते सोनं..."

"तेच काल नियोजन सांगत होतं तुम्हाला," म्हातारी म्हणाली. "सोनं चोख होतं हो, मिस्त्री. घडवताना घट फार आली."

गुण्याला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. दोन्ही एकदम होतं तेव्हा माणूस खोकतो. तो बराच वेळ खोकला.

"मग कुलूप कशाला ठेवलं इतकी वर्षं?"

"सासू होती तेव्हा ती विचारायची, काय आहे गं आत. मी म्हणायचे, आहे ते आहे. त्या दिवसापासून मला ताटात शेवटचं मिळणं बंद झालं. पुढे ती गेली, नवरा गेला, मग सून आली. सून वाईट नाही हो. पण गरम जेवण आणि निवलेलं जेवण यांत एका किल्लीचं अंतर असतं, हे मला कळून चुकलंय. झाकली मूठ."

पुढचं तिने म्हटलं नाही, त्यानेही म्हटलं नाही. मग तीच म्हणाली, "काढून टाका तो कप्पा. माझी काही हरकत नाही."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"तुम्ही एवढंच सांगा, की आईंनी स्वतःसमोर उघडायला लावला आणि नंतर मला काढायला सांगितलं. यात खोटं काय आहे?"

गुण्याने विचार केला. सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. वाक्य काटकोनात होतं.

संध्याकाळी साहेब आणि सूनबाई घरी आले तेव्हा चोरखण निघालेला होता आणि टीव्ही आत बसलेला होता. दोघांनीही टीव्हीकडे पाहिलं नाही. गुण्याने ठरलेलं वाक्य सांगितलं. साहेब आईजवळ जाऊन बसले.

"मग आता ते... कुठे ठेवलंस, आई?"

"आहे ते आहे," म्हातारी म्हणाली. "काळजी करू नकोस."

इतके दिवस ते कुलपात होतं म्हणून निदान जागा माहीत होती. आता ते घरभर झालं. पुढच्या आठवड्यात गुण्या बारीकसारीक कामांना जात होता आणि सगळं बघत होता. सूनबाई म्हातारीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यापाशी दिवसातून दोनदा जायची, "आई, घड्या घालून देते." साहेब तिची गादी उन्हात घालायचे, स्वतःच्या हाताने, आणि घालण्याआधी सगळीकडून दाबून बघायचे. चष्म्याची सातही घरं उघडून पुसून झाली. नवऱ्याचा कोट धुवायला जाऊन खिसे उलटे होऊन आला. म्हातारीच्या वाट्याला इतकी सेवा कधी आली नव्हती. तिने फक्त एवढंच केलं, की दुपारी आपली जुनी कापडी पिशवी कुशीत घेऊन झोपायला लागली. पिशवीत लोकर होती.

इकडे कपाटाचं रडगाणं सुरू झालं होतं. दारं मिटली की टीव्ही आत तापायचा आणि अर्ध्या तासात आपोआप बंद व्हायचा. गुण्याने पाठीची फळी कापून हवा खेळती केली. मग रिमोट चालेना. मिटल्या दारातून त्याला दिसणार काय? दार किलकिलं ठेवावं तर ते 'लूक'मध्ये बसेना. खाली इंटरनेटची पेटी ठेवली, तिचा दिवा सागवानाआडून दिसेना, म्हणून भोक. गाण्यांच्या स्पीकरचा आवाज कोंडला, म्हणून जाळी. वरचं दार उचलून धरायला दोन पंप बसवले. त्यात तिसऱ्या दिवशी साहेबांचं कपाळ सापडलं.

"साहेब, दारं काढून टाकू या," गुण्याने सुचवलं.

"दारं काढली तर मग हे कपाट कशाचं?"

हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता, असं गुण्याला वाटलं.

शेवटी कपाट जगाला दाखवायचा दिवस ठरला. सूनबाईने मैत्रिणी बोलावल्या, साहेबांनी आपल्या वरिष्ठांना सहकुटुंब बोलावलं. त्या संध्याकाळी काय झालं हे गुण्याने दुसऱ्या दिवशी तीन तोंडांतून ऐकलं. सूनबाईच्या म्हणण्याप्रमाणे बिजागऱ्या हलक्या प्रतीच्या होत्या. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे पाहुण्यांच्या हालचालींचं नियोजन करायला हवं होतं. खरं काय ते म्हातारीने सांगितलं.

"सगळे जमले. दारं मिटलेली. सून म्हणाली, ओळखा बघू हे काय. एक बाई म्हणाली, कपाट पडलंय. मग हिने दारं उघडली. वरचं वर गेलं, खालचं खाली आलं, अगदी बाकासारखं. टाळ्या वाजल्या. साहेबांचे साहेब चांगले आडव्या बांध्याचे आहेत. त्यांना वाटलं, बसायची सोय केलीय. बसले."

"खालच्या दारावर?"

"अलगद बसले हो बिचारे. पण बिजागरीला काय माहीत साहेब कोण आहे. दार गेलं, साहेब गेले, आणि वरचं दार त्या हादऱ्याने सुटून त्यांच्या टकलावर आलं. टीव्ही मात्र चालू होता. त्यात नेमकी कुस्ती लागली होती."

गुण्याने मान खाली घालून करवत पुसली. त्याचे खांदे हलत होते.

सूनबाईचं काही बुडालं नाही. कोणीतरी तो प्रसंग मोबाइलवर टिपलेला होता आणि अकरा हजारांची चाळीस हजार माणसं झाली होती. साहेबांचं मात्र तोंड उतरलं होतं. "काढा दारं," ते म्हणाले. "फळ्या, खण, पाठ, जे काही अडचण करतंय ते सगळं घेऊन जा. नुसती चौकट राहू दे."

गुण्याने दोन दिवसांत कपाट सोलून काढलं. उरली ती टीव्हीभोवतीची सागवानी चौकट, एका टोकाला पाय, एका टोकाला कळस. भिंतीशी दारांचा, फळ्यांचा, पाठीच्या तुकड्यांचा ढीग लागला. सगळं लाकूड पन्नास वर्षं मुरलेलं, सरळसोट. त्याने एक फळी उचलून हातावर तोलली आणि ती परत खाली ठेवताना त्याचा जीव तिच्यात अडकून राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "हे मी नेणार नाही. यात आईंसाठी एक लहान कपाट होईल. चार फुटी, दोन कप्प्यांचं. त्यांचं सामान अजून पुठ्ठ्यात आहे."

साहेब नको म्हणायला तोंड उघडत होते. पैसे, जागा, वेळ, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. तेवढ्यात सूनबाई आतून धावत आली.

"हो हो, कराच! आईंना आपल्या वस्तू ठेवायला एक जागा हवीच." मग जरा थांबून तिने आवाज खाली आणला. "आणि मिस्त्री, आत एक कुलूपबंद कप्पा ठेवा. मजबूत. आईंना निर्धास्त वाटायला हवं."

साहेबांच्या डोक्यात उजेड पडायला एक क्षण लागला. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "जे काही आहे ते एका ठिकाणी असलेलं बरं."

गुण्याने ते कपाट गॅलरीत बसून नऊ दिवसांत केलं. वर्षानुवर्षांत त्याच्या हाताला असं काम आलं नव्हतं. एक भोक पाडायचं नव्हतं, एक वायर जायची नव्हती. त्या जुन्या सुताराने जसे सांधे केले होते तसेच त्याने केले. दोनदा जमले नाहीत, तिसऱ्यांदा जमले. पितळी मुठी पुसून तिथेच बसवल्या. चहाचा कप थंड व्हायचा आणि त्याला पत्ता नसायचा. म्हातारी गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून विणत बसायची. फारसं कोणी बोलत नसे. एकदा तिने विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" तो म्हणाला, "एक मुलगी. लांब असते. आठवड्याला फोन करते." म्हातारी म्हणाली, "कशासाठी करते?" गुण्याने आठवून पाहिलं. "कशासाठीच नाही. जेवलात का विचारते." म्हातारीने टाका उचलला. "मग तुम्हाला कुलूप नको."

गुण्याने रंधा खाली ठेवून फळीवरचा भुसा हाताने पुसला.

कपाट तयार होऊन म्हातारीच्या खोलीत उभं राहिलं त्या दिवशी घरात सगळे हजर होते. साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. सूनबाईने मोबाइल हातात घेतला नव्हता. पुठ्ठ्याचं खोकं रिकामं झालं, चादरी वर गेल्या, कोट टांगला गेला. मग म्हातारीने आपली कापडी पिशवी उचलली आणि गुण्याला हाक मारली.

"मिस्त्री, हा कुलपाचा कप्पा वजन पेलेल ना?"

साहेबांनी श्वास रोखला.

गुण्याने कप्प्याच्या तळावर अंगठा दाबून पाहिला. "आई, यात तुम्ही ठेवाल त्याच्या शंभरपट वजन पेलेल."

म्हातारीने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दार लागलं. आत कुलूप फिरल्याचा आवाज झाला तेव्हा दिवाणखान्यात नवरा-बायकोंनी एकमेकांकडे बघून समाधानाने मान हलवली. समोर पंच्याहत्तर इंची टीव्ही कळसाशी डोकं करून चालू होता आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"झालं एकदाचं," साहेब म्हणाले. "मिस्त्री, तुम्ही बघितलंय ना त्या दिवशी? आम्हाला आकडा नको. नुसतं सांगा, बऱ्यापैकी आहे ना?"

गुण्या हत्यारं पिशवीत भरत होता. त्याने साहेबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. नियोजन विभागाचे प्रमुख, मोठ्या कॉलेजात शिकलेले, डोळ्यांखाली थकवा, कपाळावर दाराची खूण. आज पहिल्यांदा त्याला त्या माणसाचा राग आला नाही.

"साहेब, आईंकडे जे होतं ते सगळं त्यांनी तुमच्यासाठीच बाजूला काढलं," तो म्हणाला. "त्यातलं गुंजभरही स्वतःवर खर्च केलेलं नाही."

साहेबांचे डोळे चक्क भरून आले. ते उठले आणि आईच्या दाराशी जाऊन उभे राहिले. हाक मारावी की नको, असं त्यांचं चाललं होतं. शेवटी त्यांनी दारावर हळूच टकटक केली.

"आई, जेवलीस का गं?"

आतून म्हातारीचा आवाज आला, जरा घोगरा. "अजून नाही."

"मग मी थांबतो," साहेब म्हणाले आणि तिथेच, दाराला टेकून, खाली बसले.

गुण्याने पिशवी खांद्याला लावली. हा प्रश्न त्यांनी कशासाठी विचारला, हे त्यालाही नक्की कळलं नाही, आणि ते तपासायचं हत्यार त्याच्या पिशवीत नव्हतं. सूनबाईने त्याला लिफ्टपर्यंत सोडलं आणि जाता जाता विचारलं, बाल्कनीतल्या एका जुन्या बाकात कपड्यांचं मशीन बसेल का. तो म्हणाला, "मोजून सांगतो, ताई," आणि जिन्याने खाली उतरला.